वीस फुटाला एक इंच

...आणि चिमट्याच्या टोकावरचं ते चाक थरथरत होतं. म्हणजे चाक कशाला थरथरेल, हात थरथरत होता. कान्होजीनं श्वास रोखून धरला. बायकांच्या मनगटी घड्याळातलं मोहरीएवढं पितळी चाक, त्याच्या पोटातून गेलेली टाचणीची तार, तारेच्या दुसऱ्या टोकाला तसंच दुसरं चाक, आणि ही जोडी आता काड्यापेटीच्या लाकडाच्या एक इंची डब्याखाली बसवायची. अशी की डबा इकडं कलू नये, तिकडं कलू नये, आणि सरळ चालावा. सरळ चालावा म्हणे! कालपासून तीनदा तो फलाटावर डोकं आपटून आडवा झाला होता.

"भाऊजी, पाणी निवून राहिलंय," आतून वहिनीचा आवाज आला.

"आलो," तो म्हणाला, आणि हलला नाही.

खिडकीशी त्याचा जुना ड्रॉइंगबोर्ड आडवा ठेवलेला होता. त्यावर दोन फूट लांबीचा एकच सरळ रूळ. वळण नाही, फाटा नाही. रुळांच्या मधून काळा रेशमी दोरा, बोर्डाच्या दोन्ही टोकांना शिवणाची दोन रिकामी रिळं, एका रिळाला वाकवलेल्या खिळ्याची मूठ. मूठ फिरवली की दोरा सरकायचा आणि दोऱ्याला अडकवलेला डबा रुळावरून पुढं जायचा, उलटी फिरवली की मागं यायचा. सहा महिन्यांच्या खटपटीतून उभी राहिलेली रेल्वे ती एवढीच. वीस फुटाला एक इंच, हे त्याच्या हातात बसलेलं प्रमाण. आयुष्यभर पूल, मोऱ्या आणि स्टेशनांच्या इमारती त्यानं याच मापानं कागदावर उतरवल्या होत्या. त्या हिशेबानं बोर्डावर मावत होती चारशे ऐंशी फूट जमीन — एक फलाट आणि थोडंसं पुढंमागं. ग्वाल्हेरची छोटी लाइन खरोखर श्योपूरपर्यंत न्यायची म्हटली असती तर फळी अर्धा मैल लांब लागली असती, इथून, जयेंद्रगंजातून, पार बाड्याच्या चौकापर्यंत. आणि माणूस? माणूस या मापात तांदळाच्या दाण्याएवढा होतो. हे गणित त्यानं पहिल्या दिवशीच करून ठेवलं होतं, आणि मग दोन दिवस बोर्डाला हातच लावला नव्हता.

नया बाजारातल्या रद्दीवाल्याकडं त्याला एक फाटकं इंग्रजी पुस्तक मिळालं होतं, लहान आगगाड्या बनवणाऱ्या हौशी लोकांसाठी लिहिलेलं. त्यात पहिल्याच पानावर बजावलं होतं : नवशिक्यानं सगळी रेल्वे एकदम बांधायला घेऊ नये. एक रूळ, एक डबा, आणि पुष्कळ धीर. धूळ हा पहिला शत्रू, घाई हा दुसरा. कान्होजीनं हे सगळं नीट वाचलं, मान डोलावली, आणि पहिलीच चूक अशी केली की कुणाला सांगायची सोय नाही. छोट्या लाइनीची रुंदी दोन फूट. ती रुळाच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजतात. हे त्याला नाही ठाऊक तर कुणाला? तेवीस वर्षं त्यानं हेच नकाशे काढले. पण गुडघे टेकून, भिंग डोळ्याला लावून खराट्याच्या हिरांचे एवढेसे स्लीपर चिकटवताना त्यानं माप धरलं ते रुळाच्या मध्यापासून मध्यापर्यंत. डबा बसेचना. रुळाच्या तारेच्या जाडीएवढी चूक! पण त्या मापात ती हातभर होती. सगळं खरवडून काढताना त्याला हसू आलं नव्हतं. एवढ्याशा चुकीनं काय होतं, हे माझ्याहून जास्त कुणाला ठाऊक असणार... असं काहीसं मनात आलं, आणि ते त्यानं तिथंच दाबून टाकलं.

वहिनीला एक गोष्ट सांगायची राहिली होती. पाच वर्षं राहिली होती. दादा होते तोवर दादांमुळं राहिली, आणि गेल्या पौषात दादा गेल्यावर... आता तर सांगायला काही निमित्तच उरलं नव्हतं. तरी रोज सकाळी पाण्याचा तांब्या हातात घेताना वाटायचं, आज सांगू. रोज पाणी निवायचं.

गोरखीत, त्याच्या बांधकाम खात्याच्या कचेरीत, त्या दिवशी कुणी काम करत नव्हतं. दिवाळी आठवड्यावर आली होती, आणि दिवाळीच्या ऐन तोंडावर मध्यभारत नावाचं राज्यच संपायचं होतं. आठ वर्षांचं राज्य! दरबार गेला, मध्यभारत आला. आता मध्यभारत जाणार आणि सगळं भोपाळला. कपाटांवर खडूनं 'भो' लिहिलेलं, टेबलांवर 'भो' लिहिलेलं. कुणा वात्रटानं चपराशाच्या स्टुलावरसुद्धा 'भो' लिहून ठेवलं होतं आणि तो बिचारा ते पुसावं की राहू द्यावं या विचारात उभा होता. नकाशांच्या गुंडाळ्या पोत्यात भरल्या जात होत्या. त्यात कान्होजीच्या हातचा जौऱ्याच्या स्टेशनाचा नकाशा होता, वीस फुटाला एक इंच. एका कोपऱ्यात, कुणाला दिसू नये इतका बारीक, फलाटावर त्यानं एक माणूस काढला होता : हातात झेंडी. तरुणपणी केलेली चेष्टा. दादांना दाखवली तेव्हा ते म्हणाले होते, "टोपी सरळ काढायची होतीस लेका."

बडेबाबू टेबलाशी आले. कागद ठेवला, वर बोट ठेवलं.

"कान्होजी साहब, भोपाल का राज़ीनामा कल तक दे दीजिए. बस आपका बाक़ी है."

आणि तो शब्द — पाच वर्षं ज्याच्या जवळपास कान्होजी फिरकला नव्हता, मराठीत बोलताना ज्याला वळसा घालून जायचा — तो असा टेबलावर येऊन बसला.

राज़ीनामा. हिंदीत त्याचा अर्थ, मी राजी आहे. कबूल आहे, मान्य आहे, सही. जौऱ्याच्या, सबलगढच्या बाजारात दोन माणसांचं भांडण मिटलं की राज़ीनामा लिहून देतात. आणि मराठीत तोच शब्द, तोच, एका नुक्त्याचा, अक्षराखालच्या टिंबाचा काय तो फरक, आणि अर्थ मात्र, ही घ्या तुमची नोकरी, मी चाललो. दिवसभर हिंदीत राहायचं आणि घरी येऊन मराठीत चपला काढायच्या, असं आयुष्य काढलेल्या माणसांच्या तोंडात दोन्ही अर्थ शेजारी शेजारी राहतात. वर्षानुवर्षं राहतात, कुणाला त्रास नसतो. एकदाच काय तो...

पाच वर्षांपूर्वी, तेव्हाही बडेबाबूच होते, दुसरे, छोट्या लाइनीच्या कचेरीतले. दरबारची रेल्वे केंद्राकडं चालली होती. गाडीवरच्या माणसांनी केंद्राकडं जायचं, नकाशावाल्यांनी मध्यभारताच्या बांधकाम खात्यात, आणि प्रत्येकानं आपण राजी असल्याचं लिहून द्यायचं. दादा, म्हणजे मल्हारराव, गार्ड, चार दिवस श्योपूरच्या गाडीवर होते. "भाई साहब से कह दीजिए, राज़ीनामा आज ही चाहिए." कान्होजीनं मान हलवली. संध्याकाळी दादा आले, दारातच गणवेशाच्या कोटाची बटणं काढत उभे राहिले, नागाची मुद्रा असलेली ती दरबारची पितळी बटणं, आणि कान्होजी खालमानेनं पेन्सिलीला टोक करता करता म्हणाला... अगदी असंच म्हणाला, शब्द न् शब्द त्याला पाठ होता :

"दादा, राजीनामा द्यायचाय. आजच मागितलाय."

दादांचा हात बटणावर थांबला. "सगळ्यांनी?"

"हो, सगळ्यांनी. मी पण दिला."

"तू पण दिलास?" दादांनी ते बटण काढलं. "बरं."

बस. एवढंच बोलणं. पेन्सिलीचं टोक चांगलं झालं होतं, हेही त्याला आठवत होतं. दादांनी रात्रीच्या जेवणाआधी कागद लिहिला, स्वतः नेऊन दिला. चार दिवसांनी कळलं की बावीस गार्डांपैकी एकवीस जणांनी राज़ीनामा दिला होता आणि एकानं राजीनामा. मराठीत, सुवाच्य अक्षरात, 'नोकरीचा राजीनामा देत आहे, तो मंजूर व्हावा.' तो मंजूर झाला. कान्होजी धावत घरी आला होता, भर दुपारी, डोक्यावर टोपी नाही, "दादा, चूक झाली, परत मागून घेऊ, मी येतो बरोबर, साहेबांशी बोलतो." दादा पानाला चुना लावत होते. म्हणाले, "दिलेला कागद परत मागत नाहीत." आणि पान कान्होजीच्या हातात दिलं.

त्यानंतर दादा चार वर्षं होते. एकदा, निदान एकदा त्यांनी म्हणायला हवं होतं की मेल्या, नीट सांगता आलं नाही तुला? वाटोळं केलंस माझं? नाही. शिवी नाही, टोमणा नाही. गाडीची शिटी वाजली की जेवता जेवता हात थांबायचा, डावा हात सदऱ्याच्या खिशाकडं जायचा. घड्याळ काढून बघायचे, पुन्हा ठेवायचे आणि घास घ्यायचे. वहिनी तोवर वाढायची थांबून राहायची. रोज. कान्होजीला त्या वेळी ताटावरून उठून जावंसं वाटायचं, आणि उठता यायचं नाही. दिवसातून दोनदा शिटी.

बडेबाबू अजून उभेच होते. "क्या हुआ? भोपाल नहीं जाना?"

"कल दे दूँगा," कान्होजी म्हणाला.

परतताना तो नया बाजारात दौलतसिंहच्या दुकानी थांबला. दौलतसिंह घड्याळजी. एका डोळ्यात भिंग रुतवून बसणारा म्हातारा. कान्होजीला चाकं तोच द्यायचा, टाचणीच्या तारेवर बसवूनही तोच द्यायचा, आणि त्या बदल्यात हक्कानं टिंगल करायचा. त्यानं दुसरी जोडी कागदाच्या पुडीत बांधली.

"बाबूजी, एक बात बताओ. दुनिया इंजन से शुरू करती है. आप पीछे से शुरू किए हो. गार्ड का डिब्बा बना लिया, अब इसे खींचेगा कौन?"

"धागा," कान्होजी म्हणाला.

म्हातारा खो खो हसला, आणि हसता हसता भिंगातून त्याच्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिला. "गार्ड बिठाया अंदर?"

कान्होजीनं पुडी खिशात घातली. नाही बसवला. तेच तर. इंजिन नको होतं त्याला, सवारी डबे नको होते, सिग्नल नको होता. गाडी गार्डाशिवाय सुटत नाही. दादांचं हे ठरलेलं वाक्य, लग्नाकार्यात उशीर झाला तरी तेच म्हणायचे. तेव्हा आधी गार्डाचा डबा. मागच्या बाजूला उघडा सज्जा, दीड पायरी, आणि सज्ज्यात दादा. तांदळाएवढे दादा. पुन्हा गाडीवर. एवढं एक झालं की... की काय होणार होतं? वेड्यासारखा विचार होता, आणि तो वेड्यासारखा आहे हे त्याला कळत होतं, आणि तरी सहा महिने तो त्या विचाराला चाकं बसवत होता.

घरी आला तेव्हा उजेड होता. वहिनी, विजयाबाई, खिडकीशी बोर्डाजवळच सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. यंदा घरात फराळ नव्हता, तळणीचा वास नव्हता; शेजारच्या घरांतून मात्र येत होता. वहिनी या घरात आली तेव्हा कान्होजी नऊ वर्षांचा होता. आई नव्हतीच. त्याच्या परीक्षांना दही हिनं हातावर घातलं, लग्नाच्या दोन मुली हिनं दाखवल्या, तो नको म्हणाला तेव्हा हिनंच भांडण काढलं आणि हिनंच मिटवलं. भोपाळला गेला तर ही इथं एकटी, किंवा उज्जैनला भावाच्या दारी. आणि ती गोष्ट न सांगता जायचं? गाडीत बसायचं, हिनं दिलेला डबा मांडीवर घ्यायचा, आणि...

"वहिनी, उद्या राजीनामा द्यायचाय."

त्यांचे हात थांबले. "अगंबाई! नोकरी सोडताय?"

बघा. हेच ऐकू येणार. घरात हेच ऐकू येतं.

"नाही. हिंदीतला. भोपाळला जायला राजी आहे म्हणून लिहून द्यायचं." आणि मग थांबलाच नाही, थांबलो तर पुन्हा पाच वर्षं जातील असं वाटून त्यानं पुढचं एका दमात टाकलं. "तेव्हाही हाच होता. दादांना मी सांगितला तो हाच. कचेरीनं राजीपत्र मागितलं होतं, नोकरी नव्हती मागितली. मी तसाच्या तसा शब्द उचलून घरात आणला. डोकं वर करून एक वाक्य जास्त बोललो असतो, तर... वहिनी, दादांची गाडी माझ्यामुळं गेली. माझ्या तोंडून गेली."

वहिनींनी सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. रडतील, असं त्याला वाटलं होतं. ओरडतील, असंही वाटलं होतं. खरं तर त्याला तेच हवं होतं.

"त्यांना ठाऊक होतं की," त्या म्हणाल्या.

"नंतर. चार दिवसांनी कळलं त्यांना."

"नंतर नव्हे, कान्हू." भाऊजी नाही, कान्हू, कितीतरी वर्षांनी. "बावीस वर्षं लाइनीवर काढली त्यांनी. प्रवाशांची भांडणं व्हायची, सामानावरून, जागेवरून; सबलगढच्या फलाटावर बसून त्यांचे राज़ीनामे हेच लिहून द्यायचे. लोक सुपारी द्यायचे, मिठाई द्यायचे. घरी आणायचे ते. त्यांना शब्द माहीत नसेल होय?"

कान्होजीला मिठाई आठवली. मातीच्या कुल्हडातली, वर पळसाचं पान. ती कुठून येते असं त्यानं कधी विचारलं नव्हतं.

"मग का दिला?"

"मला नाही माहीत पडलं. विचारलं होतं एकदा. आजारपणात. तर हसले. म्हणाले, कान्हूनं मराठीत सांगितलं, मी मराठीत ऐकलं." त्यांनी पदर डोळ्यांना लावला, सूप उचललं. "तुम्हाला सांगू नका म्हणाले होते. म्हणाले, त्याला वाटून राहिलंय ते वाटू द्या, विसरेल. तुम्ही विसरला नाहीत, ते मला दिसत होतं. मीच सांगायला हवं होतं... मलाही धीर झाला नाही."

त्या आत गेल्या. बोर्डाच्या कडेला निवडलेल्या तांदळाचे दोन-चार दाणे सांडले होते.

कान्होजी बोर्डाशी बसला. काय वाटायला हवं? हलकं. छातीवरचा धोंडा उतरला की माणसाला हलकं वाटतं म्हणतात. धोंडा उतरला होता, आणि त्याच्या जागी नुसती जागा होती. पाच वर्षं तो धोंडा सोबतीला होता, दादांनंतर तर तेवढाच होता. त्याच्याशी बोलत होतो, त्याला घेऊन झोपत होतो. आणि दादांनी तो माझ्याकडं ठेवून दिला... जाणूनबुजून? दोन्ही अर्थ समोर होते, कोटाचं बटण हातात होतं, आणि 'सगळ्यांनी?' असं त्यांनी विचारलं होतं. तू पण दिलास, असं विचारलं होतं. म्हणजे तेव्हा ते मला एक संधी देत होते का, वर बघायची? की दरबारचा कोट उतरवताना त्यांना तो शब्द आयता मिळाला, घरातल्या लहान भावाच्या तोंडून, आणि त्यांनी तो घेतला, कारण एरवी त्यांना 'मला जायचं नाही' असं कुणापुढं म्हणता आलं नसतं? मग ती शिटी, ते घड्याळ? ते काय होतं? पश्चात्ताप होता, की नुसती सवय, की...

राग आला त्याला. गेलेल्या भावाचा, आयुष्यात पहिल्यांदा, सरळसरळ राग आला. मला सांगायचं होतंत दादा. पानाबरोबर एवढं एक वाक्य हातावर ठेवायचं होतंत. आणि त्या रागाच्या मागून असं रडू आलं, जे पौषात स्मशानातही आलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं त्यानं डोळे पुसले. खिशातली पुडी सोडली, दुसरी जोडी डब्याखाली बसवली. डबा रुळावर ठेवला, दोरा अडकवला, मूठ फिरवली. डबा चालला. सरळ चालला, कुठंही न कलता, बोर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, चारशे ऐंशी फूट. सज्जा मोकळा होता.

त्यानं चिमट्यानं तांदळाचा एक दाणा उचलला. सज्ज्याजवळ नेला, आणि तिथंच थांबला. दादांची गाडी आपण घालवली, तेव्हा त्यांना परत बसवण्याचा हक्कही आपल्याला आहे, असं सकाळपर्यंत त्याला वाटत होतं. मग टाचणीच्या टोकानं फलाटावर खळीचा एक ठिपका दिला आणि दाणा तिथं उभा केला. डबा मागं आणून बरोबर त्याच्यापुढं थांबवला. दाण्याला तोंड नव्हतं, पाठ नव्हती. तो आता उतरलाय की अजून चढायचाय, हे भिंगातूनही कळेना.

कचेरीतून आणलेला कागद शेजारी पडला होता. मी राजी आहे, असं त्यात लिहायचं होतं. आपण कशाला राजी आहोत, हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यानंही स्वतःला विचारलं नव्हतं. लांब छोट्या लाइनीवर संध्याकाळच्या गाडीची शिटी झाली. आत वहिनीचं काहीतरी वाजायचं थांबलं. दादा घड्याळ बघून घास घेईपर्यंत थांबायची, तशी ती थांबली होती, सवयीनं. कान्होजीचा हात रिळाच्या मुठीवर होता, पण सज्ज्यात गार्ड नव्हता. त्यानं डबा हलवला नाही.